समीक्षा छायाचित्राची करावी, नवरीची नव्हे

अंतरपाट (धागाकर्ता):
काही दिवसांपूर्वी येथील एका नवोदित छायाचित्रकार भगिनीने गौरीहरापुढे बसलेल्या नवरीचे छायाचित्र 'मोकळेपणाने चुका सांगा' अशा विनंतीसह मांडले होते. पिवळी अष्टपुत्री, हातभर हिरवा चुडा, मुंडावळ्या, डावीकडच्या खिडकीतून येणारा उजेड आणि अक्षता वाहताना खाली झुकलेली नजर, असे ते चित्र होते. त्याखालचे बहुतेक प्रतिसाद 'अप्रतिम' आणि 'लाजवाब' या जातीचे होते. त्यांच्यापासून कोणाला अपाय नसतो आणि उपयोगही नसतो. मला लिहायला भाग पाडले ते 'प्रकाशमापक' यांच्या प्रतिसादाने. तो असा होता: "मुलगी काळवंडली आहे, निदान एक स्टॉप उजळा. नाक फेंदारलेले दिसते. नथ धूसर आहे. मागे पाण्याचे पिंप आहे. याचे पैसे घेतले असतील तर परत करा." (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड.)

नथीपासून सुरुवात करतो, कारण तेथे त्यांचे निरीक्षण बरोबर आहे. छायाचित्र ८५ मिलिमीटरच्या लेन्सने, एफ १.४ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र बरेच मोठे उघडून, सुमारे दीड मीटरवरून घेतल्याचे त्या भगिनीने स्वतःच लिहिले होते. एवढ्या अंतरावर त्या छिद्राला मिळणारी स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढे स्पष्ट येते तो पट्टा, जेमतेम अडीच सेंटिमीटर असते. फोकस डोळ्यावर असेल आणि मान झुकलेली असेल, तर नथ त्या पट्ट्याच्या बाहेर पडणारच. छिद्र लहान करून एफ ४ केले असते तर ही खोली सात सेंटिमीटरांच्या आसपास गेली असती, तीन स्टॉप उजेड कमी झाला असता आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, ४०० ऐवजी ३२०० ठेवावी लागली असती, जी आजचे कॅमेरे सहज पेलतात. हे सांगायला तीन वाक्ये लागतात आणि ती वाचून पुढच्या लग्नात नथ स्पष्ट येते. नुसते 'नथ धूसर' म्हटल्याने जे तिला आधीच दिसत होते तेच पुन्हा दिसते.

आता नाक. जवळ जाऊन ३५ मिलिमीटरने चेहरा टिपला असता तर नाक प्रमाणाबाहेर मोठे आले असते आणि 'दोन पावले मागे जा' ही रास्त सूचना ठरली असती. दीड मीटरवरून मात्र तसे होत नाही. म्हणजे चित्रात दिसते ते त्या मुलीचे स्वतःचे नाक आहे, आणि त्याबद्दल अभिप्राय कोणीही मागितलेला नव्हता.

रंगाचेही तसेच आहे. उजळ खिडकी आणि पिवळी साडी यांनी चौकटीचा मोठा भाग व्यापला की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि चेहऱ्याची सावलीकडची बाजू दबते. 'उजवा गाल एक स्टॉप खाली आहे, पांढऱ्या थर्माकोलने उजेड परतवता आला असता' ही छायाचित्राची समीक्षा झाली. 'मुलगी काळवंडली आहे' हा शेरा तिला पाहायला आलेल्या मंडळींनी घरी परतताना मारावा, तसला आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे, की छायाचित्रकाराने घेतलेला निर्णय आणि नवरीला जन्मतः मिळालेला चेहरा यांतला भेद ज्याला करता येत नाही, त्याने कठोरपणाची मिजास मिरवू नये.

प्रकाशमापक:
माझ्या पाच वाक्यांवर आपण एवढे मोठे भाष्य लिहिलेत, म्हणजे ती वाक्ये अगदीच वाया गेली नाहीत.

आमच्या कॅमेरा क्लबात दरमहा छापील प्रती उभ्या करून ठेवल्या जात. प्रत कोणाची आहे हे परीक्षकाला ठाऊक नसे, आणि तो मिनिटभर पाहून बोलत असे. माझ्या एका प्रतीकडे पाहून परीक्षकाने 'पुढची' एवढेच म्हटले होते. मला राग आला, घरी जाऊन मी ती प्रत रात्रभर पाहिली आणि शेवटी दोष मलाच सापडला. आपण म्हणता त्या तीन वाक्यांत उत्तर तयार मिळते आणि शिकणाऱ्याची नजर आंधळीच राहते. शिवाय ही भगिनी हौशी नाही, ती मोबदला घेते. मोबदला घेणाऱ्याला सौम्य भाषेचा हक्क नसतो.

दुसरे असे, की येथे प्रत्येक दोषाला एक कथा जोडली जाते. गुरुजी घाई करत होते, मामा मुलीला न्यायला आला होता, खोली अरुंद होती. चौकटीबाहेरची सबब चौकटीत दिसत नाही. वीस वर्षांनी अल्बम उघडणाऱ्याला पिंपच दिसेल.

रानजाई:
पिंपाचे राहू द्या. 'एक स्टॉप उजळा' या सल्ल्याबद्दल मला बोलायचे आहे, कारण त्या सल्ल्याचे फळ माझ्या कपाटात आहे.

माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये माझा चेहरा गुलाबी आहे. माझ्या घराण्यात त्या रंगाचे कोणी झालेले नाही. हात मात्र माझेच आहेत, कारण तेवढे कष्ट घेण्याचे छायाचित्रकाराला सुचले नाही. माझ्या मुलीने तो अल्बम पाहून विचारले, की तुझा चेहरा आणि तुझे हात वेगवेगळ्या दिवशी काढले होते का. मी त्या गृहस्थांना उजळ करा असे कधीही सांगितले नव्हते. त्यांनी ते सद्भावनेने, न विचारता आणि विनामूल्य केले. नवरी सावळी असणे हा प्रकाशयोजनेतील बिघाड आहे, असे या व्यवसायात गृहीतच धरलेले आहे, आणि 'प्रकाशमापक' यांचा शेरा त्याच गृहीतकातून आला आहे.

डार्करूमवाले आप्पा:
ताई, राग समजतो, परंतु दोष एकट्या छायाचित्रकाराच्या माथी मारू नये. मी स्टुडिओत रीटचिंग केलेले आहे. निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिलीने हलके ठिपके द्यायचे. निगेटिव्हवर जेथे शिसे चढते तेथे छापील प्रत उजळते, त्यामुळे मुरुमाचे व्रण, डोळ्याखालचे काळे आणि गालाची सावली अलगद निघून जात. स्थळांना पाठवण्याचा फोटो काढण्यासाठी मुलीला घेऊन तिचे वडील येत, तेव्हा मुलगी गप्प असे आणि सूचना वडील देत. एका गृहस्थांनी तर 'अजून थोडी' असे म्हणत प्रत पुन्हा पुन्हा परत आणली होती. आम्ही नाही म्हटले असते तर ते समोरच्या स्टुडिओत गेले असते. त्या फोटोंवर कित्येक मुलींची लग्ने जमली, हेही विसरू नका.

रानजाई:
आप्पा, आपल्या पेन्सिलीमुळे मुलींची लग्ने जमली असा आपला दावा असेल, तर पुढे पाहण्याच्या प्रत्यक्ष कार्यक्रमात पेन्सिल घेऊन कोण बसत होते, तेही सांगा.

गिऱ्हाइकाने मागितले म्हणून दिले, हे उत्तर सर्वांनाच सोयीचे असते. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिच्या निर्मात्यांचेही हेच उत्तर असणार. २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घालावा लागला, म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी का होईना, त्यांना संकोच वाटला. आपल्याला अजून वाटत नाही.

डार्करूमवाले आप्पा:
मी पेन्सिल चालवून मुलांची शिक्षणे केली. संकोच वाटून घेण्याची चैन मला परवडणारी नव्हती. वडीलधाऱ्या माणसाशी बोलण्याची ही रीत नव्हे.

तिसरी घंटा:
मूळ प्रश्न भरकटला असला तरी रंगाची बाजू तांत्रिकदृष्ट्या पूर्ण करतो. फिल्मच्या काळात कोडॅककडून प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी नमुना कार्डे येत. त्यांवर वर्षानुवर्षे गोऱ्या स्त्रीचेच छायाचित्र असे आणि त्यांना 'शर्ली कार्ड' असे नावच पडले होते. त्या त्वचेला जे बरोबर ते सर्वांना बरोबर, असे धरूनच प्रती छापल्या जात. म्हणजे आप्पांच्या हाती पेन्सिल येण्यापूर्वीच अर्धे काम यंत्राने केलेले असे.

आज तीच पेन्सिल लाइटरूम या संगणकावर छायाचित्रे सुधारण्याच्या प्रणालीत नारिंगी रंगाच्या ल्युमिनन्सचा, म्हणजे उजळपणाचा, स्लायडर होऊन बसली आहे. तो उजवीकडे ओढला की त्वचा उजळते, पण त्याच पट्ट्यात सोनेही असते आणि आदल्या दिवशीची हळदही असते. पाटल्या आणि तोडे पितळेसारखे फिके पडतात. हळदीचा पिवळेपणा घालवायला पिवळ्याची तीव्रता कमी केली, तर अष्टपुत्रीच धुतल्यासारखी होते. मग तेवढाच भाग वेगळा निवडायला साडीला मास्क, दागिन्यांना मास्क, असे करत नवरी चार तुकड्यांत जोडली जाते. 'एक स्टॉप उजळा' असे लिहिणाऱ्याने हे एकदा स्वतः करून पाहावे.

मांडवपरतणी:
सगळेच विद्वान येथे लेन्स आणि रंग यांवर बोलत आहेत. मंगल कार्यालयात प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे कोणी ऐकेल का? गौरीहराची खोली म्हणजे बहुधा वधूपक्षाची सामान ठेवायची खोली असते. तेथे बॅगा, आहेराची ताटे आणि झोपलेली मुले असतात. मुहूर्त जवळ आलेला असतो, 'मुलीला आणा' असा पुकारा चाललेला असतो, आणि नवरीच्या तोंडासमोर चार मावसभाऊ मोबाइल धरून उभे असतात. त्यांना बाजूला व्हा म्हटले की 'आम्ही घरचे आहोत' असे ऐकावे लागते. त्याच मावसभावाचा फोटो रात्री स्टेटसवर झळकतो आणि आमच्या अल्बमला दोन महिने लागले म्हणून उरलेली रक्कम अडवली जाते. आधी या मावसभावांवर धागा काढा.

कलम सतरा:
एक मुद्दा सर्वांच्या नजरेतून सुटला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काढवून घेणारा असतो. म्हणजे लग्नाच्या छायाचित्रांचा कॉपीराइट सहसा नवरीचा किंवा पैसे देणाऱ्या तिच्या घरच्यांचा असतो. समीक्षेसाठी छायाचित्र मांडण्यापूर्वी त्यांची लेखी परवानगी घेतली होती का? नसेल, तर त्या मुलीच्या नाकावर आणि रंगावर झालेली ही सगळी चर्चा तिच्याच मालकीच्या वस्तूवर तिला न विचारता चालली आहे.

प्रकाशमापक:
आता कायदाही आला. बरे झाले.

नाकाचे वाक्य मी मागे घेतो. ८५ मिलिमीटरची नोंद मी वाचली नव्हती, आणि येथील जमाव पाहता ती वाचल्याशिवाय यापुढे कोणाच्या नाकाच्या वाटेला जाणे प्रकृतीला बरे नाही. रंगाबद्दल मी 'मुलगी' हा शब्द वापरला, त्याजागी 'उजवा गाल' असे वाचावे. अंतरपाट यांचे तेवढ्याने समाधान होणार असेल तर होवो. मात्र नथ धूसर आहे, पिंप आहे आणि वरच्या ट्यूबलाइटने केसांवर हिरवट झाक आणली आहे, जी आपल्यापैकी एकाही संवेदनशील समीक्षकाला दिसली नाही. एका बाजूने दिवसाचा उजेड आणि दुसऱ्या बाजूने ट्यूब असली की कोणताही एकच व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची जुळवणी, पुरत नाही. ट्यूब बंद करणे हा सर्वांत सोपा उपाय असतो. भावना दुखावतील म्हणून कोणी हे सांगितले नसते.

अंतरपाट (धागाकर्ता):
हिरवट झाक मला दिसली नव्हती, हे मान्य. परंतु आपण आत्ता दोष, कारण आणि उपाय अशा क्रमाने बोललात, आणि त्यात नवरीचा पाणउतारा करण्याची गरज आपल्याला कोठेही पडली नाही. मी मागत होतो ते हेच होते. ते आपल्याला येते, हे ठाऊक असल्यामुळेच मला आपल्या पहिल्या प्रतिसादाचा अधिक राग आला होता. क्लबातल्या 'पुढची' या शब्दाने आपण शिकलात असे आपण म्हणता. त्या शब्दानंतर ज्यांनी कॅमेरा विकून टाकला, ते येथे येऊन आपला अनुभव लिहीत नाहीत.

पहिली चौकट:
ज्या छायाचित्रावरून हे सर्व घडले ते माझे आहे. कलम सतरा यांच्यासाठी प्रथम सांगते, की परवानगी लेखी आहे आणि ती नवरीनेच दिलेली आहे. तिने हा धागा वाचला आहे. नाकाचा परिच्छेद वाचून ती हसली. तिच्या आई हसल्या नाहीत.

ट्यूब बंद करण्याची मी विनंती केली होती, परंतु तिचे बटण पंगतीच्या बाजूच्या दिव्यांबरोबर जोडलेले होते आणि व्यवस्थापकांनी नकार दिला. 'प्रकाशमापक' याला सबब म्हणतील. तसे असेल तर पिंपाला सबब नाही; मी उजवीकडे एक पाऊल सरकले असते तर ते खांबामागे गेले असते. एफ १.४ मी धूसर पार्श्वभूमीच्या मोहाने ठेवले होते. आप्पांना आणि रानजाईंना सांगते, की रंग मी बदललेला नाही आणि बदलणारही नाही. नवरीने हेच छायाचित्र १६ बाय २४ इंच आकारात भिंतीसाठी निवडले आहे.

प्रकाशमापक:
१६ बाय २४ मध्ये नथ आणखी धूसर दिसेल. त्याच वेळचे, फोकस थोडा पुढे पडलेले दुसरे छायाचित्र आपल्याकडे असेल, तर त्यातील नथ या चित्रावर बसवता येते. मात्र मान हललेली नसली पाहिजे. छपाईला देण्यापूर्वी दोन्ही मूळ फाइली मला पाठवा. केसांवरचा हिरवा मी काढून देईन, मॅट कागद वापरा, आणि चेहऱ्याला मी हात लावणार नाही, कारण रानजाई आता मला या गावात राहू देणार नाहीत.

रानजाई:
हात लावला नाही हे छापील प्रत पाहूनच ठरवू. दोन्ही गाल तपासले जातील.