शीर्षासन: फायदा नक्की कुठे होतो?
शीर्षासनाने मेंदूला जादा रक्त मिळून बुद्धी तल्लख होते असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं, म्हणून थोडी भर. मेंदू आपला रक्तपुरवठा स्वतःच जवळपास स्थिर ठेवतो. आपण उलटे झालो म्हणून तिकडे धो धो रक्त जात नाही. मला फरक जाणवला तो खांद्यांत आणि पोटात. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात जमिनीत घट्ट दाबून खांदे कानांपासून लांब ओढले की डोक्यावरचा भार एकदम उतरतो. हे जमायला मला आठ महिने लागले, तेही भिंतीला धरून. तोवर नुसती मान दुखायची. दिवसभर उभं राहून जड झालेले पाय मात्र तीन-चार मिनिटांत हलके होतात, कारण नीलांमधलं रक्त हृदयाकडे आपसूक उतरतं.

योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीत दोरांवर उलटं लटकतात, त्यात मानेवर काहीच भार येत नाही. मान कुरकुरणाऱ्यांनी तेच करावं. आणि काचबिंदू असेल तर शीर्षासन नकोच. डोळ्यातला दाब त्यात जवळपास दुप्पट होतो. आमच्या वर्गात हे कधी कुणी विचारलंसुद्धा नाही!