काट्यावर शिक्का आहे, तरी माल कमी का? वजनमापांचे अनुभव

धागाकर्ता

दुकानातल्या काट्याची सरकारी तपासणी होते हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊकही नसतं. वैधमापन शास्त्र यंत्रणा, म्हणजे लोकांच्या तोंडी अजून ‘वजनमापे खातं’, इलेक्ट्रॉनिक काट्याची 12 महिन्यांनी आणि लोखंडी वजनं, तराजू यांची 24 महिन्यांनी पडताळणी करते. सील लागतं, प्रमाणपत्र मिळतं, ते दुकानात दिसेल असं लावायचं असतं. कायदा 2009 चा, अंमल 1 एप्रिल 2011 पासून. कागदावर सगळं चोख, आणि तरी ‘घरी येऊन मोजलं तर कमी भरलं’ असं सांगणारं माणूस प्रत्येक घरात सापडतं.

माझा अंदाज असा, की शिक्का यंत्रावर बसतो आणि लबाडी यंत्राच्या आजूबाजूला होते. तो बरोबर आहे का हे तुमच्या अनुभवांवरून ठरू दे. काट्याच्या दोन्ही बाजूंची माणसं हवीत. दुकानाचं, कारखान्याचं, कुणाचंच नाव नको, आणि स्वतःच्या नावाऐवजी कामधंदा लिहा. ‘सगळेच चोर आहेत’ एवढंच म्हणायचं असेल तर कृपया राहू द्या.

काटा दुरुस्तीवाला

लायसन्स घेऊन काम करतो. काटा बनवायला, विकायला आणि दुरुस्त करायलाही लायसन्स लागतं, हे आधी सांगतो.

पासिंगच्या, म्हणजे सरकारी पडताळणीच्या, दिवशी काटा बरोबर असतोच, कारण आदल्या दिवशी मीच तो सेट केलेला असतो. साहेब मानक वजनं ठेवून बघतात, तार ओवून सील दाबतात. त्यावर तिमाहीचं अक्षर असतं, ए, बी, सी, डी यांपैकी, आणि सालाचे आकडे. सील न तोडता कॅलिब्रेशनला हात घालता येऊ नये ही त्यामागची कल्पना. गिऱ्हाइकं विचारतात, काट्यात ‘सेटिंग’ असतं का? असतं, नाही असं नाही. पण ज्याला काटा मारायचा आहे त्याला आत हात घालायची गरजच पडत नाही. डबा ठेवला आणि टेअर मारलं नाही, म्हणजे डब्याचं वजन बटणाने शून्य केलं नाही, झालं. डिस्प्ले दुकानदाराच्या बाजूला वळवला. आकडा अजून हलतोय तोवर माल उचलला. यातलं काहीही माझ्या सीलला कळत नाही.

अजून एक. काट्याच्या पट्टीवर कमाल क्षमतेबरोबर किमान क्षमताही छापलेली असते, ती कोणी वाचत नाही. दुकानात नेहमी दिसणारा 30 किलोचा, 5 ग्रॅमच्या टप्प्याचा, म्हणजे आकडा 5-5 ग्रॅमने बदलणारा, काटा घ्या. त्या वर्गात किमान वजन टप्प्याच्या 20 पट, म्हणजे 100 ग्रॅम. त्याखालीही तो आकडा दाखवतो, पण त्याच्यावर विसंबायचं नसतं. अशा काट्यावर 25 ग्रॅम वेलदोडे घेतले आणि एकच टप्पा इकडचा तिकडे झाला की पाचवा हिस्सा गेला. यात दुकानदार लबाड असायलाही लागत नाही. मसाल्याला वेगळा छोटा काटा ठेवणारे दुकानदार आहेत, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

किराणा दुकानदार

आमचीही बाजू लिहितो. माझ्या दुकानावर केस झाली ती वजनाची नव्हती. एका स्थानिक पॅकरच्या पाकिटावर पत्ता अपुरा होता आणि महिना-साल पुसट छापलेलं होतं. पाकीट मी छापलं नाही, भरलं नाही, फक्त विकायला ठेवलं. कायद्याने विकणाराही जबाबदार धरला जातो. तडजोड शुल्क, म्हणजे कोर्टाबाहेर केस मिटवायची रक्कम, भरलं आणि मोकळा झालो, कारण कोर्टाच्या तारखा परवडत नाहीत.

2022 पासून पाकिटावर एमआरपीशिवाय ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पडतं तेही छापावं लागतं. नियम गिऱ्हाइकाच्या सोयीचा आहे, मला मान्य. पण तो आकडा वाचून पाकीट बदललेलं गिऱ्हाईक मी अजून पाहिलं नाही. आणि माझ्यासमोरच्या हातगाडीवर दगड ठेवून कांदे मोजतात, तिकडे तपासणीला कुणी गेलेलं मला आठवत नाही. ज्याच्याकडे बोर्ड, लायसन्स आणि पक्का पत्ता आहे तोच सापडतो.

गृहिणी

आमच्याकडचा प्रकार दिवाळीतला. काजूकतली अर्धा किलो मागितली, जाड पुठ्ठ्याच्या खोक्यासकट मोजली. मी म्हटलं खोकं आधी ठेवा, शून्य करा, मग भरा. मागच्या रांगेतल्या बाई माझ्यावरच वैतागल्या! दुकानदाराने मात्र वाद न घालता केलं. म्हणजे त्याला माहीत होतं.

सिलिंडर आला की वजन करून मागा हेही सगळ्यांना सांगते. कडीजवळ मोकळ्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, त्यात 14.2 किलो मिळवायचे. डिलिव्हरीवाल्याकडे काटा असायला हवा. आमच्या इथे ‘गाडीत राहिला’ हे उत्तर ठरलेलं.

पंपावर काम केलेला

धागाकर्त्यांचा अंदाज पंपाला पूर्ण लागू होत नाही. तिथे लबाडी यंत्राच्या आतसुद्धा झालेली आहे. 2017 च्या एप्रिलमध्ये लखनौला पोलिसांच्या विशेष पथकाने पंपांवर छापे घातले तेव्हा मशीनमध्ये बसवलेल्या चिप निघाल्या. त्याच वर्षी आपल्याकडे ठाणे पोलिसांनीही पंप तपासले. तोवर ‘सील आहे ना, मग झालं’ असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

आमच्या पंपावर रोज सकाळी 5 लिटरच्या मापात प्रत्येक नोझल तपासली जायची. हे शिक्क्याचं माप प्रत्येक पंपावर असतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर त्यात भरून दाखवावं लागतं. 5 लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. मागणारी माणसं फार थोडी. त्याऐवजी लोक 100 चं न भरता 110 चं भरतात आणि समाधानाने जातात. मशीन लिटर मोजतं, रुपये त्यावरून गुणाकाराने येतात. तुमचा आकडा गोल आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मापात कमी पडणारी नोझल 110 लाही कमीच पडणार. लक्ष ठेवायचंच असेल तर शून्यावर ठेवा, आणि भरत असताना दुसरा मुलगा कार्ड की रोख असं विचारायला आला तर मान वळवू नका.

दूध उत्पादक

आमचं नुकसान सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं होतं, म्हणून कुणाच्या नजरेत येत नाही. संकलन केंद्रावरचा काटा बरीच वर्षं 100 ग्रॅमच्या टप्प्याचा होता. 4 किलो 640 ग्रॅम दूध 4.6 लिहिलं जायचं, आणि 4 किलो 680 ग्रॅमसुद्धा लिहिणाऱ्याच्या मर्जीने 4.6 च. दुरुस्तीवाल्या दादांनी वर जो 20 पटीचा हिशोब दिला तो लावला तर त्या काट्याची किमान मर्यादाच 2 किलो होते, आणि आमच्या गावात एका वेळी दीड लिटर घालणारी घरं कितीतरी आहेत. आम्ही काही जणांनी मिळून 10 ग्रॅमच्या काट्याची मागणी लेखी दिली, वैधमापन कार्यालयाला प्रत पाठवली. काटा बदलला. हे झालं चांगलं.

पण मग फॅट! दर ठरतो फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे दुधातली स्निग्धता आणि ती सोडून उरलेले घन घटक यांच्या टक्क्यांवर. गाईच्या दुधाला 3.5 आणि 8.5 धरून, त्याखाली पॉइंटला दर उतरतो. काट्यावर निदान सील तरी दिसतं, फॅटच्या यंत्रावर तसा शिक्का मी कधी पाहिला नाही. तेच दूध दुसऱ्या केंद्रावर नेलं की फॅट वेगळा. काटा बदलून दिला तेव्हा एवढ्या सहजासहजी का दिला, हे मला नंतर कळलं.

ऊस उत्पादक

आमच्याकडं याला सरळ ‘काटामारी’ म्हणतात. ऊस फडातनं भरला की शेतकऱ्याच्या हातातनं गेला. भरल्या गाडीचं वजन होतं, गव्हाणीत, म्हणजे ऊस गाळपाला टाकतात तिथं, खाली होते, मोकळ्या गाडीचं वजन होतं, वजा करून पावती. या सगळ्यात शेतकरी कुठंच नाही, तो फडात ऊसतोड टोळीच्या मागं. एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, 14 दिवसांत द्यायचा हे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय, त्याच्यावर आंदोलनं होतात, ऊस अडवला जातो. दरावर एवढं भांडायचं आणि टन किती ते त्यांनीच सांगायचं, हे कुठलं गणित?

बाहेरच्या काट्यावर वजन करून गाडी नेली तर गाडी थांबवून ठेवतात. दिवसभर ऊस वाळतो, वजन आणखी उतरतं, आणि पुढच्या वेळेला ट्रॅक्टरवाला बाहेर न्यायलाच तयार होत नाही. भरारी पथक येऊन गेलं की पेपरात फोटो, ‘वजनकाटा अचूक’.

कापूस उत्पादक

खेडा खरेदीचं लिहितो. व्यापारी दारात येतो, हुकचा काटा, लाकडी दांडा, दोन माणसं. भाव बाजारापेक्षा चढा सांगतो आणि सगळं गाव खूश. एवढा चढा भाव त्याला परवडतो कसा, हा प्रश्न आमच्या पोरांना पडला. त्यांनी सिमेंटची न फोडलेली 50 किलोची गोणी आणून ‘हिचंही वजन करा’ म्हटलं. काट्याने 44 दाखवले. व्यापाऱ्याने सेल उतरलाय म्हणून सांगितलं आणि गाडी चालू केली. शिवाय ओल, कचरा, गाठोड्याचं कापड या नावाने क्विंटलमागे कडता वेगळा कापतो, तो काटा खरा असला तरी जातोच. बाजार समितीत न्यावं तर भाडं, हमाली आणि रांग. काट्यावर सील होतं का म्हणाल, तर ते बघायचं सुचलंच नाही कुणाला.

निवृत्त वैधमापन निरीक्षक

किराणा दुकानदारांचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. वजनाची चोरी पकडायला व्यवहार चालू असताना तिथे असावं लागतं. आम्ही दारात दिसलो की टेअर मारला जातो. म्हणून ओळखीचा नसलेला माणूस गिऱ्हाईक म्हणून पाठवायचा आणि माल घेतल्यावर लगेच फेरवजन करायचं, यालाच अर्थ आहे. पण त्याला माणसं लागतात, वेळ लागतो. लेबल मात्र मांडणीवर वाट बघत उभं असतं. वर्षअखेरीला केसेसचा आकडा दोन्हीचा सारखाच धरला जातो, मग कुठल्या केसेस जास्त होणार ते सांगायला नको.

तक्रार करताना ‘अमुक दुकानात फसवतात’ एवढंच लिहू नका. बिल, वेळ, कुठला काटा, कुठला माल, किती मागितला आणि किती भरला एवढं असेल तर अधिकाऱ्याला सापळा लावता येतो. शक्य असेल तर माल तिथल्या तिथे दुसऱ्या काट्यावर ठेवून बघा. घरी गेल्यावर सांगितलेलं वजन सिद्ध होत नाही. 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही नोंद करता येते. पहिल्या वेळी बहुतेक प्रकरणं तडजोड शुल्कावर मिटतात. त्याच प्रकारचा गुन्हा 3 वर्षांत पुन्हा झाला तर तडजोड होत नाही, कोर्टात जावं लागतं. त्यामुळे एकाच ठिकाणची दुसरी तक्रार पहिलीपेक्षा जड. आणि हा दंड सरकारजमा होतो, तुमच्या हातात काही येत नाही. भरपाई हवी तर जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंत फी नाही, वकीलही लागत नाही.

ऊस उत्पादकांना: पुलकाटा, म्हणजे अख्ख्या गाडीचं वजन करणारा काटा, तपासायला टनावारी मानक वजनं न्यावी लागतात, त्यांना गाडी आणि उचलायला माणसं लागतात. एवढा लवाजमा गुपचूप जात नाही, हे खरं आहे. हंगामाआधी तपासणी होते ती मात्र प्रामाणिकपणे होते, एवढं मी माझ्यापुरतं सांगू शकतो.

ऊस उत्पादक

साहेब, हंगामाआधी काटा बरोबर असतो यात आमचं दुमत नाहीच. तुमची वजनंही आणू नका. रस्त्यावरची भरली गाडी थांबवा, शिक्क्याच्या कुठल्याही खासगी काट्यावर चढवा, मग कारखान्यात सोडा आणि दोन पावत्या शेजारी ठेवा. त्याला फक्त एक लेखी आदेश लागतो, की बाहेर वजन केलेली गाडी कारखान्याने अडवायची नाही आणि तिची पावती धरायची. आदेश असेल तर क्रमांक इथं टाका, मी उद्याच झेरॉक्स काढून गेटवर लावतो.