शब्दचर्चा: उडालेल्या ताऱ्याला ‘अवशेष’ म्हणावे का?

प्रश्न: केप्लरच्या सुपरनोव्हावर, म्हणजे १६०४ मध्ये दिसलेल्या ताऱ्याच्या स्फोटावर, एक लेख लिहिते आहे. ‘डेब्री’साठी ‘अवशेष’ घेतला आणि वाक्य असे झाले: ‘अवशेषांचे काही तुकडे सेकंदाला सुमारे १०,००० किलोमीटर वेगाने जात आहेत.’ वाचताना अडखळायला होते. ‘मलबा’ घालून पाहिला, तर आणखीच बिघडले. तुम्ही कोणता शब्द घ्याल? शिवाय ‘रेडशिफ्ट’साठी, म्हणजे दूर जाणाऱ्या वस्तूच्या प्रकाशाची ऊर्जा कमी होण्यासाठी, ताम्रसृती आणि ताम्रच्युती असे दोन्ही शब्द दिसतात. इथली मोजणी क्ष-किरणांतली, आणि क्ष-किरणांना तर रंगच नाही, मग यातला कोणता घेऊ?

प्रतिसाद: अडखळायला होते ते क्रियापदामुळे. अवशेष सापडतात, उरतात, जपले जातात. मलबा उपसावा लागतो, ढिगारा साचतो, राडारोडा पडून राहतो. ही सगळी नामे जागेवर बसलेली आहेत. मराठीत ठिकऱ्या मात्र उडतात, चिंधड्याही उडतात. गती त्या शब्दांतच आहे. ‘ताऱ्याच्या ठिकऱ्या’ म्हटले की वेग वेगळा सांगावा लागत नाही.

१६०४ च्या ऑक्टोबरात भुजंगधारी तारकासमूहात तो तारा दिसला. चारशे वर्षे उलटल्यावर नासाच्या चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने पाहिले, तर त्यातले काही पुंजके जवळजवळ स्फोटाच्या वेळच्याच वेगाने निघालेले आढळले. त्यांना ‘उरलेले’ म्हणायला मन घेत नाही.

तरी ‘अवशेष’ टाकून देऊ नका. आकाशात दिसणाऱ्या त्या संपूर्ण वस्तूला ‘सुपरनोव्हाचा अवशेष’ हेच नाव चांगले रुळले आहे. त्या अवशेषात दोन प्रकारचे द्रव्य असते. एक ताऱ्याने स्वतः फेकलेले, दुसरे वाटेत लोटत नेलेले आजूबाजूचे. पहिल्यासाठी ‘उत्क्षेप’ घ्या. क्षिप् म्हणजे फेकणे. आक्षेप, निक्षेप, क्षेपणास्त्र ही सगळी त्याच घरातली. ‘प्रक्षेप’ मात्र टाळा, ‘प्रक्षिप्त ओवी’ आठवते आणि अर्थ भलतीकडे जातो. हा फरक नुसता शब्दांचा नाही. ज्या पुंजक्यात सिलिकॉन, गंधक, लोह भरपूर तो उत्क्षेप. ज्याची घडण भोवतालच्या वायूसारखी तो लोटलेला. वर्णपट, म्हणजे ऊर्जेनुसार वेगळे केलेले किरण, पाहूनच हे ठरते. त्यात प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरलेल्या ऊर्जेला एक रेषा दिसते.

आता सृती की च्युती. मी च्युतीच्या बाजूचा. पदच्युत, स्थानच्युत हे शब्द सगळ्यांना ठाऊक आहेत, आणि इथे घडते तेही तेच: रेषा आपल्या जागेवरून ढळते. आघाततरंगाने उत्क्षेप लक्षावधी अंश तापतो, अणूंचे बहुतेक इलेक्ट्रॉन निघून जातात. दोनच इलेक्ट्रॉन उरलेले लोह ६.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (म्हणजे ६,७०० इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेच्या आसपास क्ष-किरण सोडते, ही त्याची ठरलेली जागा. पुंजका आपल्याकडे येत असेल तर रेषा जास्त ऊर्जेकडे ढळते, दूर जात असेल तर कमी ऊर्जेकडे. हिशेब सोपा आहे. सेकंदाला ३,००० किलोमीटर म्हणजे प्रकाशवेगाचा एक टक्का, म्हणून रेषाही एक टक्का, म्हणजे ६७ इलेक्ट्रॉनव्होल्ट ढळते. क्ष-किरण दुर्बिणींतल्या सीसीडी शोधकाचे विभेदन, म्हणजे त्याला ओळखता येणारा लहानात लहान फरक, या ऊर्जेला साधारण १३० इलेक्ट्रॉनव्होल्ट. त्यामुळे जवळ येणाऱ्या आणि दूर जाणाऱ्या द्रव्याच्या रेषा एकमेकींत मिसळून एकच जाड कुबड दिसते. चंद्रा दुर्बिणीवरच्या, किरण ऊर्जेनुसार पसरवणाऱ्या जाळीसारख्या उपकरणांनी लहान, तेजस्वी पुंजक्यांपुरती ही अडचण दूर केली. २०२३ मध्ये सोडलेल्या क्रिझम या क्ष-किरण वेधशाळेतला ‘रिझॉल्व्ह’ हा वर्णपटमापक निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या विसाव्या भागाइतका थंड ठेवतात आणि तो सुमारे ५ इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचा फरक ओळखतो.

रंगाबद्दलची तुमची शंका रास्त आहे. क्ष-किरणांच्या बाबतीत ‘ताम्र’ आणि ‘नील’ आता फक्त दिशा सांगतात. संज्ञा एकदा द्या, पण वाक्यात ‘रेषा कमी ऊर्जेकडे ढळली’ असेच लिहा. वाचणाऱ्याला तांबूस काहीतरी शोधत बसावे लागणार नाही.

प्रश्न: ‘गती मोजली’ एवढे लिहिले तर चालेल? आणि ‘रेडियल व्हेलॉसिटी’ला अरीय वेग म्हणतात ना?

प्रतिसाद: म्हणतात, आणि इथेच तो घोटाळा करतो. अर म्हणजे चाकाचा आरा. आरा कोणत्या केंद्रापासूनचा? फुगत चाललेल्या कवचाविषयी बोलताना वाचक साहजिकच स्फोटाच्या केंद्रापासूनचा धरतो, आणि आपल्याला तर पाहणाऱ्यापासूनचा सांगायचा असतो. कवचाच्या कडेवरचा पुंजका केंद्रापासून प्रचंड वेगाने जात असेल, पण आपल्या दिशेने त्याची हालचाल जवळजवळ शून्य. म्हणून ‘दृष्टिरेषेवरचा वेग’ लिहा. शब्द लांब आहे, पण चुकवत नाही.

नुसते ‘गती मोजली’ पुरणार नाही. वर्णपटातून मिळतो तो दृष्टिरेषेवरचाच भाग. आकाशात आडवी होणारी हालचाल म्हणजे निजगती, ती वर्षांच्या अंतराने काढलेली चित्रे एकमेकांवर ठेवून मोजतात, आणि तीही कोनात. तिचे किलोमीटर करायला अंतर ठाऊक असावे लागते. वर्णपटातल्या वेगाला अंतराची गरजच नाही, वस्तू कितीही दूर असो, टक्का तोच. माझ्या मते या मोजणीतली सर्वांत देखणी गोष्ट ही. लेखात तिला एक परिच्छेद द्याच. दोन्ही मोजमापे हाती आली, की पुंजका तिन्ही मितींत कुठे निघाला आहे ते उलगडते.

प्रश्नकर्ती: मग वाक्य असे केले आहे. ‘सिलिकॉनची रेषा आपल्या जागेवरून ढळलेली दिसते, त्यावरून कळते की उत्क्षेपाचे काही पुंजके दृष्टिरेषेवर सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने निघाले आहेत.’ ‘ठिकऱ्या’ मथळ्यात घेते. पुंजक्याला इंग्रजीत म्हणतात त्या ‘नॉट’साठी आधी ‘गाठ’ लिहिले होते, तेही बदलले.

प्रतिसाद: बरे केलेत. गाठ बसते, गाठ सुटते. ती जागची हलत नाही.