घाटाखालच्या वस्तीसाठी फोर-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी) गाडी: मारुतीची जिम्नी, महिंद्राची थार रॉक्स की स्कॉर्पिओ-एन?

प्रश्न: आमचे घर भोर तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून दीड किलोमीटर आत आहे. गेल्या आषाढात आईला दवाखान्यात नेताना आमची साधी गाडी चढावर रुतली आणि शेवटी शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरला दोर बांधून ओढावी लागली. घरात पाच माणसे आहेत, शिवाय अधूनमधून खताची पोतीही न्यावी लागतात. कोणती गाडी घ्यावी?

उत्तर १: मी जिम्नी चालवतो. ती हलकी आहे, जमिनीपासून २१० मिलिमीटर उंच आहे आणि चिखलातून अलगद निघते. परंतु तिच्यात चारच जण बसतात, त्यामुळे तुमच्या पाच माणसांसाठी ती बादच होते.

उत्तर २: रॉक्स पाच आसनी असून तिचे फोर-व्हील-ड्राइव्ह फक्त डिझेलमध्ये मिळते. स्कॉर्पिओ-एनचे फोर-व्हील-ड्राइव्हही डिझेलमध्येच मिळते. मात्र तिची तिसरी रांग उघडी असली, तर मागे एक पोतेसुद्धा धड मावत नाही. आईंना चढताना पायरी लागेल, हे विसरू नका.

उत्तर ३: गाडी कोणतीही घ्या, आधी टायर पाहा. खाचांत चिखल भरला की चारही चाके जागच्या जागी फिरत राहतात, म्हणून ऑल-टेरेन टायर (चिखल-मातीतही पकड घेणारे खोल खाचांचे टायर) बसवून घ्यावेत. या तिन्ही गाड्यांत मधला डिफरन्शियल (पुढच्या व मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरांचा संच) नसल्याने कोरड्या डांबरावर फोर-व्हील चालू ठेवू नये. वळणावर पुढची व मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि तो सगळा ताण गिअरांवर येतो. आमच्या गावातील एकाने हे ऐकले नाही. दुरुस्तीचे बिल तो अजून कोणाला दाखवत नाही.