सात महिन्यांच्या मुलीचे वजन फार हळू वाढत आहे, मदत हवी आहे

माझी मुलगी नुकतीच सात महिन्यांची झाली. जन्मतः तिचे वजन २.८ किलो होते, पाचव्या महिन्यात ते ६.१ किलो भरले आणि परवा मात्र ६.४ किलोच निघाले. म्हणजे दोन महिन्यांत जेमतेम ३०० ग्रॅम. या वयात वाढीचा वेग मंदावतो हे मला ठाऊक आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावर ती अजून तिसऱ्या शतमान रेषेच्या (म्हणजे त्याच वयाच्या शंभर मुलींपैकी तिघींचे वजन जिच्या खाली असते, त्या रेषेच्या) वरच आहे. पण पंधराव्या रेषेला धरून चाललेला तिचा आलेख आता खाली वळलेला दिसतो आणि मन तिथेच अडकते. मागच्या वेळी काट्यावर ती इतके पाय झाडत होती की आकडा स्थिरच होईना, शिवाय डायपर ओला होता, त्यामुळे तो आकडा तरी कितपत खरा, ही शंका आहेच. एरवी ती हसरी आहे, पालथी पडते, लघवीही दिवसातून सहा-सात वेळा होते. डॉक्टरांनी महिनाभर थांबायला सांगितले आहे. (घरातली मोठी माणसे मात्र थांबायला तयार नाहीत.) ज्यांच्या बाळाचा आलेख असा खाली आला होता, त्यांनी लांबी आणि डोक्याचा घेर यांच्या नोंदीही ठेवल्या होत्या का, आणि पुढील तपासण्या कोणत्या टप्प्यावर करून घेतल्या, हे कृपया सांगावे.