उत्तर पटलं की तपासणी थांबते का?

कोरी पाटी

मी तर्कशास्त्र शिकवते. दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर दोन अनुमानं लिहिते.

सगळे पक्षी श्वास घेतात. कावळा श्वास घेतो. म्हणून कावळा पक्षी आहे.

सगळे पक्षी श्वास घेतात. उंदीर श्वास घेतो. म्हणून उंदीर पक्षी आहे.

दुसऱ्यावर वर्ग हसतो आणि चूक तिथल्या तिथे सापडते: श्वास घेणारं सगळंच काही पक्षी नसतं. पहिल्याला मात्र माना डोलतात. सांगाडा दोन्हींचा तोच आहे. यंदा एका मुलीने उठून विचारलं, "पण बाई, कावळा पक्षी आहेच ना?" आहेच की! पण ते या दोन वाक्यांवरून निघत नाही. एवढं पटवण्यात माझा तास संपला, आणि ही मुलगी वर्गात गणितात सगळ्यांच्या पुढे आहे.

इव्हान्स, बार्स्टन आणि पोलार्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये हेच मोजलं. निष्कर्ष पटणारा असला तर चुकीचं अनुमानही ७१ टक्के वेळा बरोबर ठरवलं गेलं. न पटणारा असला तर तेच प्रमाण १० टक्के.

माझं मत असं की संस्कार, श्रद्धा, राजकीय कल यांनी तर्काचे नियम बदलत नाहीत. तपासणी कुठे सुरू करायची आणि कुठे थांबवायची, ते मात्र याच गोष्टी ठरवतात. म्हणून तर्क करताना श्रद्धा बाजूला ठेवायला शिकलं पाहिजे, आणि ते शिकता येतं. तुम्हाला काय वाटतं?

दुसरी बाजू

असहमत. फळ्यावरची ही परीक्षा शाळेत गेलेल्यांसाठीच आहे.

अलेक्झांडर लुरिया हा सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या खेड्यांत गेला होता. शाळेचं तोंड न पाहिलेल्या शेतकऱ्यांना त्याने सांगितलं: दूर उत्तरेला, जिथे बर्फ असतो, तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. नोव्हाया झेम्ल्या दूर उत्तरेला आहे. मग तिथली अस्वलं कुठल्या रंगाची? एकाचं उत्तर साधारण असं होतं: मला माहीत नाही, मी काळं अस्वल पाहिलंय, दुसरं कधी पाहिलं नाही. पुन्हा पुन्हा विचारल्यावर एकाने सांगितलं की साठ-ऐंशी वर्षांच्या माणसाने पांढरं अस्वल पाहिलं असेल आणि तो सांगत असेल, तर विश्वास ठेवता येईल.

लुरियाने याचा अर्थ 'अमूर्त विचार जमत नाही' असा लावला. मला हा त्या माणसावर अन्याय वाटतो. परक्या पाहुण्याच्या शब्दावर, न पाहिलेल्या मुलखाबद्दल मी ग्वाही देणार नाही, हे त्याचं म्हणणं होतं. त्यात तर्काची चूक कुठे आहे? 'समजा' म्हणून एखादं वाक्य धरायचं, ते खरं की खोटं हे विचारायचं नाही आणि पुढे जायचं, ही सवय शाळा लावते. थोडी शाळा शिकलेल्यांनी लुरियाला हवी तशी उत्तरं सहज दिली, हे त्यानेच नोंदवलंय. शाळा ही संस्कृती नाही का? तुम्ही श्रद्धा बाजूला ठेवायला सांगता, तेव्हा एका संस्कृतीची सवय दुसरीच्या जागी आणता.

अक्षांश

@दुसरी बाजू, या शेतकऱ्याला न्यायदर्शनाच्या, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनाच्या, पंडितांसमोर बसवलं असतं तर त्यांना त्याचं बोलणं मुळीच विचित्र वाटलं नसतं.

न्यायाच्या परार्थ अनुमानाला, म्हणजे दुसऱ्याला पटवण्यासाठी मांडलेल्या अनुमानाला, पाच अवयव लागतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. पर्वतावर अग्नी आहे; कारण धूर आहे; जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर; हा पर्वत तसाच धुराने युक्त आहे; म्हणून तिथे अग्नी आहे. यातलं उदाहरण हे अनुमानाचं अंग आहे, ते सजावटीसाठी नाही. दोघांनाही मान्य असलेलं, पाहिलेलं काहीतरी समोर ठेवल्याशिवाय अनुमान पुरं होत नाही. लुरियाच्या प्रश्नात 'सगळी अस्वलं पांढरी' असं म्हटलंय, पण पाहिलेलं एकही अस्वल त्यात नाही.

साठ-ऐंशी वर्षांचा, पाहून आलेला माणूस म्हणजे आपल्याकडच्या भाषेत आप्त. ज्याला ठाऊक आहे आणि जो खोटं बोलणार नाही, त्याचं वचन हे शब्दप्रमाण; प्रमाण म्हणजे ज्ञानाचा ग्राह्य आधार. शेतकऱ्याने कुठलं प्रमाण चालेल ते स्वच्छ सांगितलं होतं. मला हा लुरियाच्या नोंदींतला सगळ्यात तर्कशुद्ध माणूस वाटतो.

शेवाळ

हे वाचायला छान वाटतं, पण याच वाटेने पुढे गेलं तर माणसं मरतात. शब्द जपून वापरतोय.

व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका दगावायच्या. एप्रिल १८४७ मध्ये तिथलं मृत्यूचं प्रमाण १८ टक्क्यांवर होतं. डॉक्टर शवविच्छेदन करून थेट प्रसूतीला येतात, हे इग्नाझ सेमेलवाइसच्या लक्षात आलं. त्याने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि काही महिन्यांत ते प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास आलं. आकडे समोर असूनही बऱ्याच मोठ्या डॉक्टरांनी ते नाकारले. आपल्या हातांनी रोग पसरतो, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. 'प्रत्येकाचं आपापलं प्रमाण' म्हणून हेही सोडून द्यायचं का?

दुसरी बाजू

@शेवाळ, नाही, सोडायचं नाही. पण अहंकार हे एकच कारण धरलं तर ती गोष्ट अर्धी राहते. जंतूंमुळे रोग होतात हे तेव्हा प्रस्थापित झालेलं नव्हतं. दूषित हवेचा सिद्धान्त मानणाऱ्यासाठी 'हात धुतल्याने ज्वर का थांबेल?' हा प्रश्न रास्त होता. शिवाय सेमेलवाइसने आपलं सविस्तर पुस्तक थेट १८६१ मध्ये काढलं. विरोधकांचा तर्क शाबूत होता, त्यांची गृहीतकं चुकली होती. आणि गृहीतकं कुणी एकटा निवडत नाही, ती आपण ज्यांच्यात वाढतो त्यांच्याकडून येतात.

शेवाळ

तपासून पाहायला एक तस्त आणि दोन महिने पुरे होते. ज्यांनी तेही केलं नाही, त्यांचा तर्क शाबूत होता असं मी म्हणणार नाही.

टिपणवही

मी हिशेबनीस आहे, तत्त्वज्ञान कळत नाही, पण मूळ लेखातलं 'तपासणी कुठे थांबते' हे वाक्य वाचून थबकले.

आमच्याकडे तेरीज, म्हणजे जमा आणि नावे बाजूंच्या बेरजांचा ताळा, जुळली नाही की शोध सुरू होतो. फरकाला नऊने भाग गेला तर कुठेतरी शेजारचे दोन आकडे उलटसुलट झालेत, हा पहिला संशय. मग एकेका नोंदीवर पेन्सिलची खूण करत खाली यायचं. तेरीज जुळली तर? वही मिटायची. एका वर्षी अशीच मिटली. नंतर कळलं की ४,५०० च्या जागी ५,४०० आणि दुसऱ्या नोंदीत ८,७०० च्या जागी ७,८०० पडले होते. एकीकडे ९०० जास्त, दुसरीकडे ९०० कमी. बेरीज चोख. चूक माझ्याच हातची, आणि मी ती पाहिली नाही, कारण पाहायचं कारणच उरलं नव्हतं.

त्या दिवशी मी बेरजेचे नियम विसरले नव्हते. यात श्रद्धा-संस्कृती म्हणावं असं काय होतं? तरी झालं. म्हणून मला वाटतं की धागाकर्त्या बाईंचं निदान बरोबर आहे, पण दोष फक्त श्रद्धाळूंच्या माथी मारू नये.

उभी ओळ

निदान बरोबर, उपाय चूक. 'शिकता येतं' यावर माझा विश्वास नाही.

अमेरिकेत डॅन काहान आणि सहकाऱ्यांनी हजारावर लोकांना आकड्यांचा एक तक्ता दिला. काहींना सांगितलं की हे त्वचेच्या मलमाचे आकडे आहेत. तिथे आकडेमोडीत तरबेज लोक जास्त वेळा बरोबर ठरले. काहींना तोच तक्ता बंदूकबंदीचा म्हणून दिला. तिथे लोक आपापल्या राजकीय बाजूला सोयीचं उत्तर काढू लागले, आणि दोन बाजूंतलं अंतर तरबेज लोकांत अधिक होतं. २०२१ च्या पुनर्प्रयोगात सोयीचं उत्तर काढण्याची ओढ दिसली, पण ती हुशारीने वाढते हा भाग दिसला नाही. म्हणजे हुशारीने आजार बळावतो असं ठामपणे म्हणता येत नाही. पण हुशारीने तो जातो, असंही कुठे दिसलं? तुमच्या वर्गातली गणितात पुढे असलेली मुलगी आठवा.

कोरी पाटी

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले.

लुरियाच्या शेतकऱ्याबद्दलचं तुमचं म्हणणं मला पटलं. 'समजा' ही शिकवावी लागणारी गोष्ट आहे आणि मी ती न शिकवताच वर्गाकडून अपेक्षित धरत होते. कावळ्याबद्दल विचारणारी मुलगी नेमकी तिथेच अडली होती.

पण नियम सगळ्यांचे एकच, हे मी सोडत नाही. नोरेनझायान आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये कोरियन आणि अमेरिकन विद्यार्थ्यांची तुलना केली. रोजच्या अर्थाची वाक्यं होती तेव्हा कोरियन विद्यार्थ्यांवर निष्कर्ष पटण्या-न पटण्याचा प्रभाव जास्त दिसला. वाक्यांतून अर्थ काढून नुसती अक्षरं ठेवली तेव्हा फरक उरला नाही. नियम वेगळे असते तर अक्षरांतही फरक दिसायला हवा होता.

@उभी ओळ, एकट्याने शिकता येतं असं आता म्हणणार नाही. टिपणवही यांना विचारते: त्या वर्षानंतर तुम्ही काय बदललंत?

टिपणवही

जुळलेली तेरीजही आता दुसऱ्याकडून तपासून घेते. त्याला बेरीज दाखवत नाही, फक्त पावत्या आणि नोंदी देते. सुरुवातीला त्याला राग यायचा, जुळलेलं पुन्हा कशाला म्हणून.

दुसरी बाजू

आणि तो दुसरा तुमच्याच हाताखाली शिकलेला असेल तर?

टिपणवही

आहे. माझ्याच हाताखाली शिकला. माझ्यासारखाच सात आणि एक घाईत सारखे लिहितो. म्हणून यंदा दुसऱ्या विभागातली एक मुलगी मागितली आहे, अजून मिळाली नाही.