प्रिन्स ऑफ पर्शिया आजच्या लॅपटॉपवर: खरी आवृत्ती कुठली?

म्हापशेकर_७९
चवथीला भाचा आलाय, आठवीत आहे. आमच्या वेळचा 'प्रिन्स' दाखवावा म्हणून जुन्या सीडीवरचा खेळ लॅपटॉपवर टाकला, तर विंडोज तो उघडायलाच तयार नाही. फोनवर एक मिळाला, पण काचेवर बोट घासून उडी मारायची म्हणजे नुसता वैताग. मग सुपर निन्टेंडोचा, म्हणजे टीव्हीला जोडायच्या जुन्या गेम मशीनचा सापडला. त्यात राजवाडाच वेगळा, आणि वेळ तासाऐवजी दोन तास! यातला खरा कुठला?

तिस्कावरचा
सीडीचा दोष नाही. ६४-बिट विंडोजवर डॉस या विंडोजआधीच्या सिस्टिमचे १६-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत. डॉसबॉक्स टाका, तो नव्या मशीनवर जुन्या डॉसची नक्कल करतो. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'अ‍ॅस्पेक्ट' तेवढं 'ट्रू' करा, नाहीतर राजपुत्र बुटका दिसेल. ३२० बाय २०० चं चित्र जुन्या मॉनिटरवर उभं ताणलेलं असायचं.

क्लासवाल्या_बाई
बाब, 'खरा' म्हणाल तर तो आपल्यापैकी कुणी खेळलेलाच नसणार. जॉर्डन मेकनरने १९८९ मध्ये तो लिहिला अ‍ॅपल-टूसाठी, आणि ते मशीन मी डिचोलीत कधी पाहिलं नाही. माझ्या कॉम्प्युटर क्लासात होती ती १९९० ची डॉस आवृत्ती. रंग आणि आवाज नव्याने केलेले, पण चाल तीच. मेकनरने धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून व्हिडिओ घेतला आणि त्यातल्या एकेका चौकटीवरून राजपुत्र उतरवला. म्हणून तो पळताना बोट उचललं तरी लगेच थांबत नाही, पुढे घसरतो आणि खड्ड्यात जातो. पोरं ओरडायची, "बाई, की अडकली!" कसली अडकली! काठाजवळ शिफ्ट धरून एकेक पाऊल टाकायचं असतं, पण धीर कुणाला?

आरशातून निघणारी ती सावली आठवते? अ‍ॅपल-टूच्या मेमरीत नव्या शत्रूची चित्रं मावेनात, म्हणून राजपुत्राचीच चित्रं बिट फिरवून, म्हणजे रूप जरा पालटून, पुन्हा वापरली. पुढे ऐसपैस मेमरीच्या मशीनवर खेळ गेला तरी सावली कुणी काढली नाही. काढणार कशी, तिच्याशिवाय शेवटच होत नाही.

सुपर निन्टेंडोचा १९९२ चा. १२ च्या जागी २० पातळ्या. दिसतो छान, पण तो पाहुणा. भाच्याला आधी तो दिलात तर मूळ खेळ त्याला रिकामा वाटेल.

माझं मत विचाराल तर एसडीएल-पॉप घ्या, म्हणजे हाच खेळ आजच्या मशीनसाठी उभा केलेला. मेकनरचा हरवलेला सोर्स कोड, म्हणजे त्याने लिहिलेला मूळ प्रोग्रॅम, २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना जुन्या फ्लॉप्यांत मिळाला आणि तो सगळ्यांसाठी खुला झाला. पण तो अ‍ॅपलचा. एसडीएल-पॉपवाल्यांनी आपली डॉस आवृत्तीच उलगडून आजच्या विंडोज-लिनक्ससाठी उभी केली. घसरणंसुद्धा तंतोतंत. एफ-६ ने खेळ जपता येतो, एफ-९ ने परत तिथे येता येतं. हे भाच्याला इतक्यात सांगू नका.

तिस्कावरचा
बाई, 'पाहुणा' म्हणून निन्टेंडोवाल्यांना हाकलू नका. १९९५ मध्ये त्याच सुपर निन्टेंडोवर 'डूम' हा बंदुकीचा खेळ उतरवला होता, कार्ट्रिजमध्ये जादा चिप घालून. जमिनीला आणि छताला नुसता सपाट रंग, तरी चालला! पीसीवर तो ४८६ प्रोसेसर मागायचा. आमच्याकडच्या त्याआधीच्या ३८६ वर खिडकी टपाल तिकिटाएवढी करून खेळायचो.

क्लासवाल्या_बाई
चिपचं कौतुक आहेच, पण तो खेळ मी तरी नाही खेळणार.

म्हापशेकर_७९
एसडीएल-पॉप चालला. पहिल्याच पातळीत भाचा तलवार न घेता शिपायासमोर गेला आणि आटोपला. एक शंका: पहिल्या पातळीनंतर अक्षरं लिहिलेल्या बाटल्यांची खोली यायची ना? ती दिसली नाही.

क्लासवाल्या_बाई
ते नकली प्रतींसाठीचं कुलूप होतं. पुस्तिकेतल्या अमुक पानावर, अमुक ओळीत, अमुक शब्दाचं पहिलं अक्षर कुठलं, ते बघून बाटली प्यायची. पुस्तिका होती कुणाकडे? पोरं आपली एकेक बाटली पिऊन बघायची आणि कुठलं अक्षर लागलं ते एकमेकांना सांगायची. एसडीएल-पॉपमध्ये ती खोली मुळातच बंद असते. हवीच असेल तर सेटिंगच्या फाइलमध्ये चालू करता येते.